परिपत्रकातून गेलेले नाव



१९६४च्या धरण्याचा विषय घरात निघाला की तरुण मंडळी हमखास एक प्रश्न विचारतात. पंतप्रधान आपल्या बाजूने बोलले, क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला, मग विवाहाचा कायदा का बदलला नाही? लग्नाची नोंदणी होती तशीच रब्बींच्या हाती का राहिली? लंडनला किंवा टोरांटोला वाढलेल्या मुलाला हे कोडेच वाटते. तिकडे बहुधा एका पक्षाचे सरकार असते, त्याने मनात आणले की कायदा होतो. वडीलधारे म्हणतात, “अरे, राजकारण होतं ते.” हे उत्तर खोटे नाही, पण तेवढ्याने कोणाचे समाधान होत नाही. ते राजकारण काय होते आणि आपल्यासारख्या मूठभर समाजाला त्यातून वाट कशी काढावी लागली, हे आज जरा सविस्तर पाहू.

आधी हिशेब समजून घ्यायला हवा. इस्राएलमध्ये सगळा देश मिळून एकच मतदारसंघ. मत उमेदवाराला नाही, पक्षाच्या यादीला द्यायचे, आणि मतांच्या प्रमाणात १२० जागा वाटायच्या. २५ जानेवारी १९४९ रोजी पहिली निवडणूक झाली. बेन-गुरियन यांचे नाव तेव्हा घरोघरी होते. तरी त्यांच्या मापाई पक्षाला मिळाल्या ४६ जागा. सरकारला ६१ लागतात. तेव्हापासून आजपर्यंत कोणत्याही यादीने निवडणुकीत ६१ जागा जिंकलेल्या नाहीत. सर्वांत जवळ पोचली ती १९६९ची मजूर पक्षांची आघाडी, आणि तीही ५६वर थांबली. म्हणजे मोठा पक्ष कोण हे मतदार ठरवतो, पण सरकार कोणाचे हे निकालानंतर बोलण्यांतून ठरते.

या बोलण्यांत एक पाहुणा नेहमीचाच. राष्ट्रीय धार्मिक पक्ष, हिब्रू आद्याक्षरांवरून मफदाल. १९५९पासून १९७७पर्यंत सहा निवडणुका झाल्या आणि सहाही वेळा या पक्षाला दहा ते बारा जागा मिळाल्या. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. मापाईच्या जागा वरखाली होत, तिच्यातून गट फुटत, पुन्हा मिळत, पण हे दहा-बारा ठरलेले. परराष्ट्र धोरण, संरक्षण, अर्थकारण यांत ते मापाईच्या मागे उभे राहत. त्याच्या बदल्यात त्यांचे मागणे एकच असे. शब्बाथ, काश्रुथ, धार्मिक शाळा आणि लग्न-घटस्फोट या चार गोष्टींत जे चालत आले आहे त्याला हात लावायचा नाही.

हे ‘चालत आलेले’ इस्राएल राज्याहून जुने आहे. तुर्की सुलतानाच्या अमलात प्रत्येक धर्माचे लग्न त्या त्या धर्माच्या न्यायालयाकडे असे. इंग्रजांनी ती पद्धत पुढे चालवली आणि १९२१मध्ये मुख्य रब्बींची संस्था उभी केली. १९ जून १९४७ला, राज्य स्थापन व्हायच्या अकरा महिने आधी, ज्यू एजन्सीने अगुदत इस्राएल या कडव्या धार्मिक पक्षाला एक पत्र लिहिले. त्यावर बेन-गुरियन यांची सही होती, आणि त्यात याच चार गोष्टींबाबत आश्वासने होती. संयुक्त राष्ट्रांची समिती तेव्हा देशात चौकशीला आली होती. अशा वेळी ज्यूंच्यात फूट दिसणे परवडणारे नव्हते. पत्रातली भाषा बरीच मोघम आहे, पण त्या मोघम भाषेवर पुढचे सगळे सरकारी व्यवहार उभे राहिले. इस्राएलमध्ये त्याला ‘स्टेटस क्वो’च म्हणतात, हिब्रू बोलतानासुद्धा. १९५३मध्ये कायदा झाला आणि ज्यूंचे लग्न व घटस्फोट पूर्णपणे रब्बींच्या न्यायालयांकडे गेले.

राज्यघटनेचेही तसेच. मे १९४८च्या घोषणेत घटना लिहिण्याचे वचन होते. धार्मिक पक्ष म्हणाले, तोरा असताना दुसरी घटना कशाला? बेन-गुरियन यांनाही त्या वेळी घटनेची घाई नव्हती. शेवटी जून १९५०मध्ये क्नेसेटने ठराव केला की घटना एकदम न लिहिता एकेक मूलभूत कायदा करत जायचे. ते काम अजून संपलेले नाही. भारताची घटना त्याच वर्षी जानेवारीत अमलात आली होती. मुंबईहून इकडे आलेल्या आपल्या लोकांनी दोन्ही प्रकार पाहिले. तिकडे सगळे आधी लिहून मग चालणे, इकडे चालता चालता लिहीत जाणे.

जुन्याला धक्का लावला की काय होते, हे मापाईने दोनदा अनुभवले होते. नव्या ओलिमच्या छावण्यांतल्या मुलांना कोणत्या शाळेत घालायचे या वादावर फेब्रुवारी १९५१मध्ये सरकार पडले. १९५८मध्ये गृहमंत्र्याने सूचना काढली की जो प्रामाणिकपणे स्वतःला ज्यू म्हणवतो त्याची तशीच नोंद करावी. मफदाल सरकारातून बाहेर पडला. बेन-गुरियन यांनी जगभरच्या सुमारे पन्नास ज्यू विद्वानांना पत्रे लिहून ‘ज्यू कोण?’ असे विचारले. उत्तरे आली, बहुतेकांनी परंपरेचीच बाजू घेतली, आणि सूचना मागे गेली. पुढच्या प्रत्येक पंतप्रधानाने यातून घ्यायचा तो बोध घेतला.

या सगळ्यात आपण कुठे होतो? १९४९नंतर आपली कुटुंबे येऊ लागली ती बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा ठिकाणी. ‘ठिकाणी’ म्हणायचे, पण काही ठिकाणी तेव्हा गाव म्हणावे असे काही नव्हते. काम मिळायचे ते कामगार विनिमय केंद्रातून, दवाखाना कामगार संघटनेचा, घर सरकारी कंपनीचे. या सगळ्यावर एकाच पक्षाची छाया. मतदानाला गेले की पडद्यामागे चिठ्ठ्यांचे ढीग, प्रत्येक पक्षाची हिब्रू अक्षराची चिठ्ठी, त्यातली एक उचलून लिफाफ्यात घालायची. मापाईचे आलेफ, मफदालचे बेथ, बेगिन यांच्या हेरुतचे हेथ. हिब्रू बोलता येत नसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनाही ही अक्षरे प्रार्थनेच्या पुस्तकातून ओळखीची होती. मुंबईत १९५२ साली बैलजोडीच्या पेटीत मत टाकून आलेल्या माणसाला हे फारसे अवघड गेले नसावे. अवघड होते ते हे, की आलेफची चिठ्ठी टाकली नाही तर उद्या कामावर नाव लागेल की नाही, ही धाकधूक. नव्या गावांतला मतदार स्थैर्याला मत देत होता असे पुस्तकांत लिहितात. त्यातले किती स्थैर्य आणि किती धाकधूक, हे चिठ्ठीवर उमटत नाही.

विरोध आपल्या लोकांनी केला नाही असे नाही. १९५१-५२मध्येच बीरशेबा आणि परिसरातल्या काही कुटुंबांनी भेदभावाची तक्रार करत धरणे धरले आणि आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली. शंभराहून अधिक जणांना विमानाने खरोखरच परत नेले गेले. पुढे त्यांच्यापैकी पुष्कळजण पुन्हा इस्राएलला आले. त्या वेळी सरकारने प्रश्न सोडवला तो माणसे हलवून. १९६४मध्ये तो मार्ग उरला नव्हता, कारण या वेळी मागणी परत जाण्याची नव्हती, इथेच पूर्ण ज्यू म्हणून राहण्याची होती.

त्याचे कारण लग्ने. तरुण मुले-मुली सैन्यात, कारखान्यात, किबुत्झमध्ये इतर ज्यूंना भेटत होती, लग्ने ठरत होती, आणि काही गावांचे रब्बी ती लावायला नकार देत होते. शंका दोन. मधल्या शतकांत कोकणात परक्यांशी सोयरीक झाली नसेल कशावरून? आणि घटस्फोटाचा ‘गेत’ नियमाप्रमाणे दिला गेला नसेल तर अशा बाईच्या पुढच्या लग्नाच्या संततीचे काय? दुसरी शंका हलाखाच्या दृष्टीने अधिक गंभीर, कारण तसा डाग लागलेल्याला इतर ज्यूशी लग्नच करता येत नाही, आणि तो डाग पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नाही. गंमत अशी की जुन्या कोकणात आपल्याकडे घटस्फोट जवळजवळ नव्हताच, आणि विधवेच्या पुनर्विवाहालाही शेजारच्या हिंदू घरांसारखीच नाखुशी होती. शेजाऱ्यांची जी रीत उचलली म्हणून आपल्याला नावे ठेवली गेली, तिनेच ही शंका बरीचशी पोकळ ठरते.

ऑक्टोबर १९६१मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने निर्णय दिला की बेने इस्राएलशी लग्न करायला मनाई नाही. वाटले, सुटले. पण १९६२च्या सुरुवातीला त्याच निर्णयाची अंमलबजावणी कशी करायची याचे परिपत्रक निघाले. तेव्हा अश्केनाझी मुख्य रब्बींची जागा रिकामी होती आणि सेफार्दी मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम हे काम पाहत होते. परिपत्रकात म्हटले होते की बेने इस्राएल समाजातील कोणी इतर ज्यूशी लग्नाची नोंदणी करायला आल्यास रब्बीने आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची चौकशी करावी, आधीच्या पिढ्यांत घटस्फोट आणि पुनर्विवाह झाले होते का ते पाहावे, आणि शंका आल्यास प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावे. अलिबाग, पेण, रेवदंडा, नांदगावच्या पणजीचा कागद बीरशेबाच्या कचेरीत कोण कुठून आणणार? आणि ही चौकशी नाव घेऊन फक्त एका समाजाची. पोलंड, मोरोक्को, इराकहून आलेल्यांसाठी असे परिपत्रक नव्हते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘गोरा इस्राएल’ आणि ‘काळा इस्राएल’ हा भेद आपल्याच घरांत होता. काळ्या म्हटल्या जाणाऱ्यांशी लग्न नको, ताटाला ताट लावणे नको, अशी रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी पाळली. वंशाची शंका घेणे म्हणजे काय हे आपल्याला दोन्ही बाजूंनी ठाऊक होते. हे कोणी १९६४च्या सभांत बोलले असेल असे वाटत नाही.

हक्कासाठी उभे राहण्याची सवयही मात्र जुनीच. रंगूनमध्ये बगदादी मंडळींनी आपल्या लोकांना सिनेगॉगच्या विश्वस्तांच्या निवडणुकीत मत नाकारले होते. बेने इस्राएल तिथल्या उच्च न्यायालयात गेले आणि १९३०च्या दशकाच्या मध्यात निकाल आपल्या बाजूने लागला. इंग्रजी कोर्टात कागद मांडून जिंकता येत होते. जेरुसलेममध्ये तो रस्ता बंद होता, कारण लग्नाच्या बाबतीत न्यायाधीश तेच रब्बी होते ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती. उरला राजकारणाचा रस्ता.

तिथे आपले वजन किती? समाज तेव्हा सात-आठ हजारांच्या घरात, पोरेबाळे धरून. क्नेसेटमध्ये शिरायला एकूण वैध मतांच्या एक टक्का मते लागत. १९६५मध्ये देशभरात सुमारे १२ लाख वैध मते पडली, म्हणजे बारा हजार मते हवीत. तान्ह्या मुलांसकट सगळ्यांनी एकाच चिठ्ठीला मत दिले असते तरी एक जागा आली नसती. येमेनी आणि सेफार्दी समाजांच्या स्वतंत्र याद्या पहिल्या दोन क्नेसेटमध्ये होत्या. पुढे त्याही मोठ्या पक्षांत विरून गेल्या. मतपेटीतून आपण कोणालाही घाबरवू शकत नव्हतो.

म्हणून १९६४च्या उन्हाळ्यात देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आपली माणसे जेरुसलेमला जमली आणि ज्यू एजन्सीच्या आवारात धरणे धरून बसली. कोणी उपोषण केले. कृती समिती आधीपासून काम करत होती, निवेदने दिली होती, सभा घेतल्या होत्या. पण साडी नेसलेल्या बायका कडेवर मुले घेऊन जेरुसलेमच्या उन्हात बसलेल्या दिसल्या तेव्हा हा प्रश्न सगळ्या देशाचा झाला. ज्यूंच्या राज्यात ज्यूंना ‘तुम्ही ज्यू आहात का?’ असे विचारले जात आहे, हे वाक्य कोणत्याही पक्षाला ऐकवत नव्हते. शिवाय भारतात अजून हजारो बेने इस्राएल होते. त्यांनी इकडे यायचे की नाही, हेही या निकालावर अवलंबून होते.

पंतप्रधान होते लेवी एश्कोल, जून १९६३पासून. बेन-गुरियन यांच्यासारखा करारी माणूस नव्हे. तडजोड हा त्यांचा स्वभाव, आणि त्यासाठी त्यांची थट्टाही होई. त्यांच्या सरकारात मफदाल होता. धर्म खाते त्याच पक्षाच्या झेराख वारहाफ्तिग यांच्याकडे होते. एश्कोल यांच्यापुढे दोन टोके होती. एक, १९५३चा कायदा बदलून लग्नाचा अधिकार रब्बींकडून काढून घ्यायचा. तसे केले असते तर मफदाल त्याच दिवशी बाहेर पडला असता आणि सरकार गेले असते. दुसरे, रब्बींचा कारभार स्वतंत्र आहे असे म्हणून हात झटकायचे. ते लोकांनी सहन केले नसते, आणि त्यांना स्वतःलाही ते पटले नसावे.

त्यांनी मधली वाट काढली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक झाली. सरकारने निवेदन केले की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, इतर ज्यूंहून कोणत्याही बाबतीत वेगळे नाहीत, आणि यात लग्नादी वैयक्तिक बाबीही आल्या. क्नेसेटने त्याला मान्यता दिली आणि मुख्य रब्बींच्या मंडळाला सांगितले की लोकभावना लक्षात घेऊन भेदभावाची भावना निर्माण करणारी कारणे दूर करावीत. कायद्याचे एक अक्षर बदलले नाही. सरकार पडले नाही. मफदालही बाहेर पडला नाही.

दोन आठवड्यांत, ऑगस्टच्या अखेरीस, रब्बींच्या मंडळाने परिपत्रकात दुरुस्ती केली. ‘बेने इस्राएल’ हे नाव गेले. त्या जागी ज्याच्याबद्दल शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती, अशा अर्थाचे शब्द आले. चौकशी राहिली, न्यायालयाकडे पाठवणे राहिले, फक्त नाव गेले.

काही जण तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणतात की ही धूळफेक होती. ज्या रब्बीला अडवायचे आहे तो ‘शंका’ या शब्दाच्या आडून अडवेलच. त्यात तथ्य आहे. १९९०च्या दशकातही एखाद्या शहराच्या रब्बीने आपल्या मुला-मुलींची नोंदणी अडवल्याच्या तक्रारी झाल्या आणि वरून पुन्हा खुलासा करावा लागला. तरीही माझे मत असे की १९६४ला मिळाले ते लहान नव्हते. सरकारी कागदावर समाजाचे नाव घालून संशय लिहिलेला असणे आणि एखाद्या अधिकाऱ्याने मनातल्या मनात संशय घेणे यांत फरक आहे. दुसऱ्याशी भांडता येते, क्नेसेटचा ठराव समोर ठेवता येतो. पहिल्याशी भांडायला कागदच तुमच्याविरुद्ध असतो. बीरशेबाच्या नोंदणीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीला हा फरक कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ही व्यवस्था बदलते ती अशीच, शब्दाशब्दाने आणि मागच्या दाराने. धरण्याच्या आदल्याच वर्षी, १९६३मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने फुंक-श्लेसिंगर या खटल्यात ठरवले की सायप्रसला जाऊन नोंदणी पद्धतीने केलेले लग्न गृहखात्याच्या अधिकाऱ्याने नोंदवलेच पाहिजे. ते धर्मदृष्ट्या ग्राह्य आहे की नाही हे पाहणे त्याचे काम नाही. तेव्हापासून लार्नाकाचे विमान पकडून लग्न करून येणारी जोडपी कमी झालेली नाहीत. देशात नोंदणी लग्नाचा कायदा नाही, पण सायप्रस तासाभरावर आहे. मफदालला कायदा तसाच राहिल्याचे समाधान, जोडप्याला लग्नाचा दाखला. बाहेरच्याला हा ढोंगीपणा वाटेल. मला तो कधी कधी वाटतो, पण ज्या दोन समाजगटांचे एकमेकांशी पटणे शक्यच नाही त्यांना एका छपराखाली ठेवण्याची दुसरी युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

नोव्हेंबर १९६५च्या निवडणुकीत एश्कोल यांच्या आघाडीला ४५ जागा मिळाल्या, मफदालला ११. म्हणजे जवळजवळ होते तिथेच. आपल्या धरण्याचा निकालावर काही परिणाम झाला असे आकड्यांवरून दिसत नाही.

मतदाराचा राग आकड्यांत उतरायला पुढची बारा वर्षे जावी लागली. १९७३च्या योम किप्पूर युद्धातली बेसावधता, महागाई, सत्ताधारी पक्षातली पैशांची प्रकरणे, आणि या सगळ्याच्या खाली नव्या गावांत पंचवीस वर्षे साचलेली भावना की आम्हाला दुय्यम धरले जाते. दिमोना, अश्दोद, लोद इथली हवा बदलली होती. शेवटची ठिणगी मात्र पुन्हा शब्बाथचीच. १० डिसेंबर १९७६, शुक्रवार. अमेरिकेहून पहिली एफ-१५ विमाने आली आणि स्वागताचा समारंभ शब्बाथ सुरू होण्याच्या वेळेपर्यंत लांबला. अगुदत इस्राएलने अविश्वासाचा ठराव आणला, मफदालचे मंत्री तटस्थ राहिले, पंतप्रधान राबिन यांनी त्यांना काढले आणि मग स्वतः राजीनामा दिला.

१७ मे १९७७च्या रात्री दूरदर्शनवर निकाल सांगताना निवेदकाने वापरलेला ‘मह्पाख’, उलथापालथ, हा शब्द अजून त्या निवडणुकीला चिकटून आहे. पण आकडे पाहा. बेगिन यांचा लिकुद ३९वरून ४३वर गेला. फक्त चार जागा वाढल्या. मजूर आघाडी मात्र ५१वरून ३२वर आली, आणि तिच्यापासून तुटलेल्या मतांचा मोठा हिस्सा ‘दाश’ या नव्या सुधारणावादी पक्षाकडे गेला, त्याला १५ जागा मिळाल्या. तीन दशकांची सत्ता गेली ती अनेकांनी मधल्या अंतरावर पाय ठेवल्यामुळे. आणि मफदाल? १२ जागा. तो बेगिन यांच्या सरकारात जाऊन बसला, या वेळी शिक्षणखातेही मिळवून. लग्नाचा कायदा जिथल्या तिथे.

ज्यांना वाटत होते की बेगिन आले म्हणजे युद्ध, त्यांना १९७९मध्ये इजिप्तशी तह आणि सिनाई परत देण्याचा करार पाहायला मिळाला. ज्यांना वाटत होते अर्थकारण सुधारेल, त्यांना १९८४मध्ये वर्षाला चारशे टक्क्यांहून जास्त महागाई. त्या वर्षी मतदारांनी दोन्ही मोठ्या पक्षांना जवळजवळ बरोबरीत आणले, ४४ आणि ४१. तेव्हा पेरेस आणि शामीर यांनी पंतप्रधानपद अर्धे-अर्धे वाटून घेतले. या विचित्र जोडगोळीच्या सरकारानेच जुलै १९८५च्या योजनेतून महागाई आटोक्यात आणली. कामगार संघटना आणि मालक दोघांनाही एकाच वेळी कडू औषध पाजणे एकट्या पक्षाला जमले नसते.

रोजच्या सौदेबाजीला लोक कंटाळले होते हेही खरे. १९९०मध्ये सरकार पाडून दुसरे बनवण्याचा जो बाजार झाला त्याने तर शिसारीच आली. त्यातून १९९२मध्ये मोठी सुधारणा झाली. पंतप्रधान लोकांनी थेट निवडायचा, क्नेसेटसाठी वेगळी चिठ्ठी. हेतू चांगला होता. एकदा थेट निवडून आलेला माणूस छोट्या पक्षांच्या दबावाला बळी पडणार नाही, असा अंदाज. घडले उलटे. दोन चिठ्ठ्या हातात आल्यावर मतदाराने पंतप्रधान मोठ्या पक्षाचा निवडला आणि दुसरी चिठ्ठी आपल्या समाजाच्या, आपल्या मनाच्या पक्षाला टाकली. १९९२मध्ये दोन मोठ्या पक्षांच्या मिळून ७६ जागा होत्या. १९९६मध्ये ६६ झाल्या, १९९९मध्ये ४५. शास पक्ष सहावरून दहावर, दहावरून सतरावर गेला. छोट्यांना ताब्यात ठेवण्यासाठी केलेल्या कायद्याने छोटेच वाढवले. मार्च २००१मध्ये तो रद्द झाला. १९५०च्या ठरावाप्रमाणे एकेक पायरी चढत आलेल्या देशाने एकदाच उडी मारली आणि नऊ वर्षांत परत येऊन जुन्या पायरीवर उभा राहिला.

त्यानंतर बदल केला तो किमान मतांच्या अटीत, तोही थोडा थोडा. एक टक्क्याची अट १९९२च्या निवडणुकीपासून दीड टक्का झाली, २००६पासून दोन, आणि २०१४च्या कायद्याने सव्वातीन टक्के. याने स्थैर्य आले असे म्हणावे तर एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या साडेतीन वर्षांत पाच निवडणुका झाल्या.

२०२२मध्ये क्नेसेटमध्ये यायला दीड लाखाहून अधिक मते लागली. इस्राएलमधले भारतीय मूळ असलेले सगळे ज्यू, कोचीनचे आणि बगदादी धरून, साधारण ८० हजारांच्या आसपास मानले जातात. म्हणजे १९६४पेक्षा आपण दसपट झालो तरी उंबरठाही तितकाच वर गेला. नगरपालिकांत हिशेब वेगळा आहे. दिमोना किंवा लोदसारख्या शहरात काहीशे मतांनीही पारडे झुकते आणि तिथले पक्ष मराठीतून चार शब्द बोलायलाही शिकतात. त्याबद्दल पुढच्या लेखात.

कोणाच्या घरी १९६४च्या धरण्याचे फोटो, पत्रके किंवा त्या काळची रब्बींच्या कचेरीतली कागदपत्रे असतील तर कृपया जपून ठेवा, आणि शक्य असल्यास त्यांची छायाप्रत आम्हाला पाठवा. त्या आवारात बसलेल्या पिढीतले आता थोडेच लोक आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ऐकलेले काही असेल तर तेही तारखेसह लिहून कळवा.